सामाईक तालिकेत बोधांक कोणी ठरवायचा? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कपाट नंबर सात

आमच्या भागातल्या सहा वाचनालयांनी मिळून कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीवर एकच तालिका, म्हणजे पुस्तकांची सामाईक यादी, सुरू केली, त्याला दुसरं वर्ष चालू आहे. शेजारच्या गावातलं पुस्तक घरबसल्या दिसायला लागलं, वाचक खूश आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मागच्या बैठकीतल्या ठरावाबद्दल: ‘एक पुस्तक, एक बोधांक’. ज्याने आधी नोंद केली त्याने नोंदीतल्या ०८२ या रकान्यात जो वर्गांक (ड्यूई वर्गीकरण पद्धतीतला विषयाचा आकडा) घातला, तोच सहाही ठिकाणच्या प्रतींवर. लेबल तेच, आणि कोणी हात लावायचा नाही.

बोधांक म्हणजे लेबलावरचा आकडा आणि अक्षरं, पुस्तकाचा आमच्या घरातला पत्ता. तो शेजाऱ्याने का ठरवावा?

ज्ञानेश्वरी घ्या. गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ लावता येतो, मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ लावता येतो. दोन्ही बरोबर. नोंद झाली एका महाविद्यालयात, तिथे मराठी घेऊन एम.ए. करणारी मुलं, म्हणून ती गेली काव्यात. आमच्याकडे ज्ञानेश्वरी मागतात त्या भजनी मंडळातल्या बायका, आषाढीच्या आधी दोन-तीन आठवडे. त्या संगणकाकडे बघतही नाहीत, सरळ धार्मिकच्या कपाटाशी जातात. यंदा तो खण मोकळा. सगळ्या प्रती नवी लेबलं लावून वरच्या मजल्यावर कवितासंग्रहांच्या रांगेत. एक आजी मला म्हणाल्या, “माउली कुठं गेली गं?” काय सांगू, ठरावाने गेली म्हणून?

वर्गांक सामाईक ठेवा, सल्ला म्हणून. प्रतीवरचा बोधांक ज्याचा त्याला ठरवू द्या.

दाखल नोंदवही

ताई, ती नोंद करणारा मी नसलो तरी माझ्यासारखाच कोणीतरी असणार, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘ज्याचा त्याला’ होतं तेव्हा काय होतं तेही लिहायला हवं होतंत. आमच्या सामाईक तालिकेत मी खांडेकरांची एक कादंबरी उघडली होती. पाच वाचनालयांच्या प्रती, पाच तऱ्हा. एकाकडे ८९१.४६३ या मराठी कादंबरीच्या वर्गांकापुढे जागा सोडून ‘खां’. दुसऱ्याकडे तिरकी रेघ आणि ‘खांडे’. तिसऱ्याने ग्रंथांक, म्हणजे वर्गांकापुढची लेखकाची खूण, इंग्रजी अक्षरांत केला होता. चौथ्याने ‘कादं’ लिहून पुढे अनुक्रमांक. पाचव्याने नुसताच दाखलअंक, म्हणजे पुस्तक आलं त्या क्रमाचा नंबर. आता सांगा, वाचकाने बोधांकावरून शोध घेतला आणि ‘या पुस्तकाच्या आजूबाजूला काय आहे’ ते बघायला गेला, तर त्याला काय दिसणार? पाच रांगा, एकमेकींशी संबंध नसलेल्या.

त्या तिरक्या रेघेची तर वेगळीच कथा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद आयात केली की कधी कधी ०८२ मध्ये ८९१.४/६३ असा आकडा येतो. ती रेघ म्हणजे ‘छोट्या ग्रंथालयाला हवा तर अंक इथे तोडा’ एवढीच खूण. एका ठिकाणी रेघेनंतर ग्रंथांक लिहायची पद्धत होती. तिथल्या मुलीने प्रामाणिकपणे ६३ ला लेखक समजून लेबलाच्या दुसऱ्या ओळीवर छापलं. मराठी कादंबऱ्यांचा अख्खा गठ्ठा ८९१.४ वर, लेखक त्रेसष्ट.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. तो वेळ एकसारख्या बोधांकाने वाचतो.

शेवटून दुसरा

मी ग्रंथपाल नाही, एका वाचनालयाचं संगणकाचं काम सांभाळतो, फुकट. दोघांनाही सांगायचंय की भांडण आकड्यावरून चाललंय, पण दुखणं लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

संगणक बोधांक वाचत नाही, एकेक खूण जुळवतो. ८९१ मराठी आकड्यांत टाइप केलं आणि इंग्रजी आकड्यांत टाइप केलं, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. क्रम लावला की एक टोळी वर, दुसरी पार खाली. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. डोळ्याला फरक शून्य, शोधात फरक पडतो. आणि ‘क्ष’? आपण वर्णमालेत शेवटी म्हणतो, संगणक त्याला क मध्ये घालतो. क्षीरसागर हे कुलकर्णींच्या नंतर, क मध्येच येतात आणि मग वाचनालयातल्या बाई म्हणतात यंत्र बिघडलंय.

दशांश चिन्हाचंही तसंच. ९५४.७९२ हा महाराष्ट्राचा इतिहास, तो ९५४.८ च्या आधी लागतो. सुट्टीत मदतीला येणारी मुलं हमखास उलटं लावतात, कारण सातशे ब्याण्णव आठापेक्षा मोठे. कोहात वर्गीकरण पद्धत ‘ड्यूई’ निवडली तर क्रम नीट लागतो. नुसतं ‘इतर’ ठेवून दिलं तर मग काही खरं नाही.

आणि कृपा करून याद्या एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. आमच्याकडे संगणकभाषांची पुस्तकं ००५.१३३ वर होती. एक्सेलने पुढची दोन शून्यं खाल्ली, ५.१३३ झालं. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती पुस्तकं तशीही कोणी नेत नव्हतं!

क-१२४५

तुम्ही सगळे शिकलेले लोक. मी एकतीस वर्षं देवघेव केली. आमची पद्धत: क म्हणजे कादंबरी, च म्हणजे चरित्र, ना म्हणजे नाटक, पुढे चालू नंबर. पुस्तक आलं, पुढचा नंबर पडला, शिक्का मारला, संपलं. वाचक यादीतून नंबर लिहून चिठ्ठी देणार, मी कपाटातून काढून देणार. कुलूपबंद कपाट. तिथे ड्यूई कशाला हवा?

वर हे म्हणतात रांगेत आजूबाजूला काय आहे ते वाचकाने बघावं. अहो, वाचक कपाटाजवळ येतोच कुठे! ग्रामीण भागात अजून कित्येक ठिकाणी हेच आहे. ड्यूईने मराठीला जागा तरी केवढी दिली? ८९१.४६. इंग्रजी साहित्याला ८२० पासून मोकळं रान, आणि आमची अख्खी कादंबरी एका ८९१.४६३ मध्ये कोंबलेली. म्हणजे वाचनालयातली निम्मी पुस्तकं एकाच आकड्यावर. मग त्या आकड्याने वेगळं काय केलं? माझा ‘क’ तेच सांगतो, पाच आकडे कमी लिहून.

दाखल नोंदवही

काका, कुलूपबंद कपाटाला तुमची पद्धत उत्तम आहे, यात वाद नाही. पण कपाट उघडं केलंत की दुसऱ्या दिवशी कोलमडेल. एकाच लेखिकेची आठ पुस्तकं आठ खणांत, कारण ती आठ वेगळ्या वर्षी विकत घेतली. आणि तुमचा क-१२४५ आणि शेजारच्या गावाचा क-१२४५ सामाईक तालिकेत एकत्र आले की? दोन वेगळी पुस्तकं, एकच नंबर.

८९१.४६३ वर गर्दी होते हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणूनच ग्रंथांक नीट हवा. नुसतं ‘देश’ लिहिलं तर सगळे देशपांडे आणि देशमुख एका दोरीत. आमच्याकडे नियम आहे: आडनावाची पहिली तीन अक्षरं जोडाक्षरासकट, मग लेखकाच्या नावाचं आद्याक्षर, मग पुस्तकाच्या नावाचं. जोशी-कुलकर्णींचं तरी तेवढ्याने भागत नाही, पण भांडण कमी होतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. तुमचं एकाच भाषेत चाललंय, आमच्याकडे मराठी आणि कोंकणी एकाच लिपीत, शेजारशेजारच्या कपाटांत. ड्यूईत कोंकणी ८९१.४६९, म्हणजे मराठीच्याच फांदीवर (यावर इथे वेगळा धागा होईल, मी काढत नाही). शेवटचा ९ टाइप करताना राहिला की कोंकणी पुस्तक मराठीत जाऊन बसतं आणि लिपी तीच असल्यामुळे लावणाऱ्यालाही संशय येत नाही. त्यामुळे सामाईक नोंदीला माझा पाठिंबा. एकाने नीट तपासलेला आकडा सहा जणांच्या घाईतल्या टायपिंगपेक्षा बरा.

पण ग्रंथांकात मुखपृष्ठावरचं नाव घ्यावं, अधिकृत नाव नको. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच, हे मला माहीत आहे, तुम्हालाही. कविता मागणारा मुलगा ‘कुसु’ शोधतो. त्याला ‘शिर’ लिहिलेलं लेबल दाखवून शहाणपण शिकवायची गरज नाही.

शेवटून दुसरा

मग नाटकांना ‘शिर’ आणि कवितांना ‘कुसु’? एकच माणूस दोन ठिकाणी?

मांडवीकाठ

नाटकांना ८९१.४६२ आणि कवितांना ८९१.४६१ अशी दोन ठिकाणं आधीच आहेत. त्यांनीच आपल्या नावांची वाटणी तशी केली होती. आपण कशाला जोडायला जा?

कपाट नंबर सात

दाखल नोंदवही सर, पाच तऱ्हांचं तुम्ही लिहिलंत त्यावर उत्तर नाही, ते खरंच वाईट आहे. लिहिण्याची पद्धत एक असावी हे मान्य: इंग्रजी आकडे, मग एक जागा, मग देवनागरी ग्रंथांक, रेघ नाही, पूर्णविराम नाही. तेवढा ठराव आणा, पहिली सही माझी.

पण कोहा प्रतीची नोंद करताना बोधांक ०८२ मधून आपोआप भरतो, आणि आमच्याकडे तो बदलायचा अधिकार सहापैकी एकालाच. एवढ्याने काय होतं ते बघा. दलित आत्मकथनं एका ठिकाणी चरित्रात, ९२० ला. दुसऱ्याने ३०५.५ ला सामाजिक गटांत नेली. तिसरा म्हणतो हे साहित्य आहे. कुठला निर्णय बरोबर ते मी सांगत नाही, पण तो त्या वाचनालयाने आपल्या वाचकांकडे बघून घेतलेला असतो. जो आधी नोंद करेल त्याचा निर्णय सगळ्यांवर, ही कुठली पद्धत? आणि परत लेबल लावणं म्हणजे काय असतं? जुनं लेबल ओल्या फडक्याने भिजवा, नखाने खरवडा, कव्हर फाटतं. कवितासंग्रहाच्या कण्यावर तर लेबल मावतच नाही, पुढच्या कव्हरवर डाव्या कोपऱ्यात चिकटवायचं, तिथलं चित्र जातं.

दाखल नोंदवही

ताई, लेबल बदलू नका. ज्ञानेश्वरीचा बोधांक राहू द्या ८९१.४६१. प्रतीच्या नोंदीत ‘स्थान’ अशी वेगळी जागा असते. तिथे ‘धार्मिक कपाट’ निवडा आणि पुस्तक खाली आणून ठेवा. तालिकेत बोधांकाबरोबर स्थानही दिसतं. बालविभागाचंही असंच करतात. आकड्याच्या आधी ‘बा’ जोडणारे लोक क्रम बिघडवतात.

कपाट नंबर सात

आणि कपाटात? २९४ च्या रांगेत मध्येच ८९१? झाडणारा मुलगा उद्या ‘चुकीचं लागलंय’ म्हणून वर नेऊन ठेवेल.

क-१२४५

त्या खणावर पट्टी लावा, ‘ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ’. आमच्याकडे आहे.

कपाट नंबर सात

पट्टी लावते काका. ठरावाला विरोध मात्र पुढच्या बैठकीत नोंदवणार. लेखी.