मुलाच्या दोन्ही पायांना रिंग आहे (उंची वाढवण्याचं ऑपरेशन). टाच टेकेनाशी झाली आहे, कुणाला अनुभव आहे का?

घणसोलीचा_फिटर

नमस्कार मंडळी. मी घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत मशिन शॉपला फिटर होतो, आता निवृत्त आहे. प्रश्न माझ्या मुलाचा आहे. वय 27, ऐरोलीला आयटीत नोकरी, उंची पाच फूट तीन इंच. उंचीवरून त्याला कॉलेजपासून काय काय ऐकावं लागलं ते आम्हा घरच्यांना माहीत आहे. दोन वर्षं पैसे साठवून, वर कर्ज काढून त्यानं दुसऱ्या शहरात जाऊन दोन्ही नडग्यांचं ऑपरेशन करून घेतलं. हाडात आत रॉड आहे आणि बाहेरून रिंगा. लांबी पूर्ण झाली की रॉडला खालून स्क्रू मारून लॉक करणार आणि रिंगा काढणार, असं सांगितलं आहे.

रिंगांना जोडणाऱ्या दांड्यांवरचे नट फिरवून हाड रोज थोडं थोडं लांबवायचं, ते काम माझ्याकडे आहे. दहा नंबरचाच पाना लागतो. दांड्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) एक मिलिमीटर, म्हणजे पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. दिवसातून चार वेळा, दोन्ही पाय, प्रत्येक दांड्याला आधी लॉकनट सैल करायचा, पाव फेरा द्यायचा, परत आवळायचा. मी रोज रिंगांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजून वहीत लिहितो. सगळे दांडे सारखे चालले आहेत, तिथं काही चूक नाही. आयुष्यभर पाना धरला आहे, पण इथं फिरवताना माझं लक्ष नटाकडे कमी आणि त्याच्या तोंडाकडे जास्त असतं.

सध्या सव्वाचार सेंटिमीटर झालं आहे. गेल्या आठवड्यापासून त्याची टाच टेकत नाही. वॉकर धरून उभा राहिला की चवड्यावरच उभा राहतो. पोटरी हाताला तंबोऱ्याच्या तारेसारखी लागते. रात्री दोन-तीनला कळा सुरू होतात, मग त्याची आई पाय चोळत बसते. पावलावर वरच्या बाजूला मुंग्या येतात असंही म्हणतो. व्यायाम करायला सांगितले आहेत, पण दुखतं म्हणून टाळतो. डॉक्टर लांब आहेत. एक्स-रे काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिकडून ‘हाड छान येतंय’ एवढंच उत्तर येतं.

डॉक्टरांनी सहा सेंटिमीटर ठरवलं होतं. आता हा म्हणतो, उंची पाच फूट सहा इंच व्हायला हवी, म्हणजे साडेसात सेंटिमीटर लागतील. मला हे पटत नाही, पण मी डॉक्टर नाही. टाच अशी उचलली गेली असताना नट फिरवत राहायचं की थांबायचं? आणि टाच परत टेकते का? ज्यांनी घरात हे काढलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

पामबीच_77

काका, राग मानू नका, पण धडधाकट पाय कापून घ्यायची गरजच काय होती? उंचीनं काय होतं?

घणसोलीचा_फिटर

दादा, हे बोलणं आमच्या घरात ऑपरेशनच्या आधी पुष्कळ झालं. आता पोरगा खाटेवर आहे. त्याचे पाय नीट जमिनीवर टेकले पाहिजेत, एवढंच मला बघायचं आहे.

वर्तकनगर_विनायक

काका, माझं उंचीसाठी नव्हतं. घोडबंदर रोडला बाइकचा अपघात झाला, नडगीच्या हाडात पू झाला, सडलेला तुकडा काढावा लागला आणि ती फट भरायला रिंग लावली. नट, पाना, रात्रीच्या कळा सगळं ओळखीचं आहे. हाड ताणून नवं हाड आणायची ही पद्धत इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी सायबेरियातल्या कुर्गान गावी 1950 च्या दशकात बसवली. बाहेरच्या जगाला ती कळली 1980 च्या सुमारास, कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडलेला पाय तिथं बरा झाल्यावर. माझे डॉक्टर ड्रेसिंग करता करता हे सांगायचे. आपल्या पायात काय चाललंय ते कळल्यावर मला जरा धीर आला, म्हणून मुलालाही सांगा.

रिंगेतून हाडात जाणाऱ्या पिनांबद्दल लिहितो, कारण तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. पिन जिथं कातडीत शिरते तिथं पाण्यासारखा पातळ स्राव येतो, तो चालतो. घट्ट पिवळा यायला लागला, भोवती लाल होऊन गरम लागलं, किंवा एकाच पिनेला हात लावू देईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तुमच्याकडे आत रॉड आहे, पिनेचा जंतुसंसर्ग रॉडपर्यंत गेला तर फार कठीण होतं. मला सलाईन आणि निर्जंतुक गॉज सांगितलं होतं, प्रत्येक पिनेला नवा तुकडा. पावसाळ्यात गॉज दमट होतं, डबा घट्ट बंद ठेवा.

टाच माझीही उचलली होती, तुमच्या मुलाइतकी नाही. रिंगेलाच पावलाखाली पट्टी जोडून दिली होती, तिला पट्टे लावून पाऊल वर ओढून ठेवायचं. रात्री ते फार जाचतं. पण झोपेत पाऊल खाली लोंबतं आणि सकाळी पोटरी आणखी आखडलेली असते, म्हणून रात्रीच ते जास्त गरजेचं. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल विचारा.

नेरूळची_फिजिओ

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रिंगवाले पेशंट बघते. पाय प्रत्यक्ष न बघता उपचार सांगणार नाही, पण तुम्ही मोजमाप करणारे आहात म्हणून काय मोजायचं ते सांगते.

व्हर्नियर रिंगांवर लावताय तसा घोट्यालाही गुण्या लावा. त्याला पाठीवर झोपवा, गुडघा पूर्ण सरळ ठेवा आणि तळपाय हळूहळू त्याच्याकडे ढकला. नडगीशी काटकोन होतो का बघा. नसेल होत तर किती अंश कमी पडतात ते लिहा. मग गुडघा वाकवून तेच करा. वाकवल्यावर काटकोन होतो आणि सरळ ठेवल्यावर होत नाही, तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू आखडला आहे, कारण तो गुडघ्याच्या वरून निघतो. दोन्ही वेळा होत नसेल तर आतला स्नायूही आखडला आहे. हे रोज एकाच वेळी मोजा आणि रिंगांच्या शेजारच्या रकान्यात लिहा.

दिवसाला एक मिलिमीटर हा वेग हाडाला मानवतो. स्नायू, शिरा आणि नसा त्या वेगानं वाढतीलच असं नाही. एक्स-रेत हाड दिसतं, पोटरी दिसत नाही, म्हणून ‘हाड छान येतंय’ हे उत्तर खरं असलं तरी अर्धं आहे. नडगीत बहुतेक सर्जन पाच सेंटिमीटरच्या आसपास थांबतात ते याचसाठी. साडेसातचं बोलणं सर्जनच्या समोर बसूनच व्हायला हवं, आणि टाच टेकत नसताना तर मुळीच नाही.

मुंग्यांची मला जास्त काळजी वाटते. त्याला अंगठा वर उचलायला सांगा, मग पूर्ण पाऊल वर उचलायला सांगा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या जागेत कापूस फिरवून बघा, दोन्ही पायांत सारखं कळतं का. अंगठा उचलायची ताकद कमी झाली असेल किंवा तिथं बधिर लागत असेल तर नस ताणली जाते आहे. मग पुढचा फेरा देण्याआधी सर्जनना फोन करून विचारायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. अशा वेळी ते वेग अर्ध्यावर आणतात किंवा काही दिवस थांबवतात. मात्र आपल्या मनानं फार दिवस थांबवूही नका, नवं हाड लवकर घट्ट झालं तर पुढे ताणताच येत नाही. निर्णय त्यांचाच, पण त्यांच्यापुढे आकडे ठेवायचे ते तुम्ही.

गुडघ्याखाली उशी देत असाल तर आजच काढा. आईंना वाटतं पोराला बरं वाटेल, आणि वाटतंही, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहील अशी. चवड्याला टॉवेल लावून दोन्ही हातांनी ओढायचं, अर्धा मिनिट धरायचं, दिवसातून अनेक वेळा. वेदनेची गोळी घेऊन अर्ध्या-पाऊण तासानं व्यायाम केला तर टाळाटाळ कमी होते. गोळी मात्र डॉक्टरांनी दिलेलीच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून रोज देऊ नका, त्यांनी हाड भरायला वेळ लागू शकतो. तो सिगारेट ओढतो का, हे तुम्ही नाही तर त्याच्या मित्राला विचारायला लावा. ओढत असेल तर बंद. हाड न भरण्याचं ते फार मोठं कारण आहे.

आणि एक पोटरी अचानक सुजून गरम झाली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर कुणाच्या उत्तराची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं.

खारघर_रोहन

काका, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. माझं मांडीच्या हाडाचं, आत चुंबकाचा रॉड, बाहेरून मशिन मांडीवर धरून वाढवायचं. रिंग नव्हती, पण बाकी तेच.

साडेसातचा हट्ट कुठून येतो ते सांगतो. घरात बसून दिवसभर दुसरं काही नसतं. मित्र ऑफिसला, आपण खाटेवर, आणि रोज वाढणारी एकच गोष्ट म्हणजे तो आकडा. मग माणूस त्याच्यावरच जगतो. एवढं सोसलंय तर आणखी थोडं का नको, असं वाटतं. मला आठ हवे होते. फिजिओनं गुडघा वाकवून दाखवला, काटकोनापर्यंतसुद्धा येत नव्हता. ती म्हणाली, यापुढे दर आठवड्याला हा आणखी कमी होईल, मग जिना कसा चढशील ते मला सांग. मी सहाला थांबलो. आज पारसिक हिलचा चढ चढतो, मांडी घालून जेवायला बसतो. बसता येण्याचं मोल तेव्हा मला कुणी सांगून पटलं नसतं, गुडघा दाखवला म्हणून पटलं.

तर त्याच्याशी ‘कशाला केलंस’ असं बोलू नका, उंचीवरून वाद घालू नका. नेरूळच्या ताईंनी सांगितलेला घोट्याचा आकडा त्याला त्याच्याच हातानं वहीत लिहू द्या. त्यालाही आकडेच कळतात, आयटीतला आहे. तो खरोखर पाच फूट तीनचा असेल, म्हणजे 160 सेंटिमीटर, तर आत्ताच तो 164 च्या वर आहे. हे त्याला कुणी म्हटलंय का? मला माझ्या आत्यानं म्हटलं होतं, अजून लक्षात आहे.

पैशांचं एक. कॉस्मेटिक म्हणून विमा यात काही देत नाही. रिंग काढणं, पुढे कधीतरी रॉड काढणं, आणि टाच टेकलीच नाही तर टाचेमागची शीर सैल करायचं छोटं ऑपरेशन, हे सगळं खिशातूनच जातं. तेवढे बाजूला ठेवा. ऑफिसला लवकर परतायचा शब्द देऊ देऊ नका. लांबी थांबल्यावर हाड भरायला लांबवण्यापेक्षाही जास्त महिने जातात.

घणसोलीचा_फिटर

सर्वांचे आभार. आठवड्याभरानं लिहितो आहे.

घरात बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) होता, त्यानंच मोजलं. गुडघा सरळ ठेवून काटकोनाला उजवीकडे बारा अंश कमी, डावीकडे आठ. वाकवून दोन्हीकडे जवळपास काटकोन. अंगठा डावा नीट उचलतो, उजव्याची ताकद कमी वाटली. त्याच संध्याकाळी सर्जनना फोन लावला आणि हेच आकडे वाचून दाखवले. या वेळी ते नीट बोलले. पुढचे दोन दिवस उजवा पूर्ण थांबवला, आता दोन्ही पाय दिवसाला दोनच वेळा पाव फेरा. वाशीला रिंगचं काम करणारे एक डॉक्टर मिळाले, ते दर आठवड्याला बघणार आणि तिकडच्या डॉक्टरांशी स्वतः बोलणार. त्यांनी पावलाची पट्टी लावून दिली. मुंग्या कमी आहेत. उशी निघाली, हिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली न्यायला बिल्डिंगमधली चार मुलं आली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. प्रत्येक वळणावर मी रिंगांना हात लावून चाललो होतो, कठड्याला लागू नयेत म्हणून.

164 चं रोहननं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण वही आता त्याच्याकडे असते. साडेसातचं अजून सोडलेलं नाही. म्हणतो, काटकोन परत आला तर बघू. मी म्हटलं ठीक, काटकोन आधी. वाशीचे डॉक्टर पाचवर थांबा म्हणतात, पुढच्या भेटीत तोच त्यांच्याशी बोलणार आहे. फिजिओताई, टॉवेलनं ओढताना उजव्या गुडघ्यामागे फार ओढ बसते म्हणतो. चालू ठेवायचं का?

नेरूळची_फिजिओ

ओढ बसणं ठीक, तीच हवी आहे. पण करंट आल्यासारखी झिणझिण पावलापर्यंत उतरत असेल तर ती नस आहे. ओढ लगेच कमी करा आणि वाशीच्या डॉक्टरांना सांगा. दोन्हींतला फरक त्याला समजावून सांगा, तो बरोबर ओळखेल. बारा आणि आठ हे आकडे जपून ठेवा. पुढच्या भेटीला जाताना समोरून आणि बाजूनं, दोन्ही बाजूंचे एक्स-रे न्या, आणि खुर्चीत बसवून जिना उतरवताना पावलाची पट्टी काढू नका.