शोभेचे अधिकारी? मग शेपट्या कोण कापतं?
कुणी म्हणतं की दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलाचे 'व्हर्डरर' (जंगल आणि तिथल्या चराईहक्कांवर देखरेख करणारे अधिकारी) म्हणजे राजेशाहीचं उरलेलं शोभेचं पद. हे इंग्लंडमधल्याच डीनच्या जंगलातल्या तहहयात व्हर्डररांबद्दल म्हणालात तर थोडंफार पटेल, पण न्यू फॉरेस्टबद्दल अजिबात नाही. 1877च्या कायद्याने तिथलं व्हर्डररांचं न्यायालय नव्याने उभं केलं. आज दहा व्हर्डररांपैकी पाच जणांना चराईहक्कवाले कॉमनर निवडून देतात, आणि तिथल्या लिंडहर्स्ट गावात न्यायालय भरलं की कुणीही उभं राहून गाऱ्हाणं मांडू शकतो.

खरी मजा व्हर्डररांच्या हाताखालच्या अ‍ॅजिस्टरांची, म्हणजे जंगलातल्या जनावरांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांची. हे घोड्यावरून (आता जीपमधूनही) फिरतात. शरद ऋतूत जंगलात मोकळ्या चरणाऱ्या कॉमनरांच्या पोनी हाकून वाड्यात आणतात आणि मालकाने ज्यांची वर्षाची चराईची फी भरली आहे त्यांच्या शेपटीचे केस ठरावीक नक्षीत कापतात. प्रत्येक अ‍ॅजिस्टरची नक्षी वेगळी, त्यामुळे लांबूनच कळतं, पैसे भरलेत का नि जनावर कुठल्या भागातलं. पावतीबुक नको, काही नको! रस्त्यावर गाडीने पोनीला उडवलं तर रात्री-अपरात्री फोनही यांनाच जातो. याला शोभेचं कसं म्हणायचं?