किडलाट ताहिमिक बघायचाय, सुरुवात कुठून करू?

कोपऱ्यातला_प्रेक्षक:
मंडळी, फिलिपिनो सिनेमात लिनो ब्रोका थोडाफार पाहिलाय, लाव डियाझच्या आठ-आठ तासांच्या पिक्चरना हात लावायची हिंमत नाही. पण तिथल्या इंडिपेंडंट सिनेमाचा विषय निघाला की दिग्दर्शक किडलाट ताहिमिकचं नाव येतंच. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचा एमबीए, पॅरिसला ओईसीडीत (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) नोकरी, हा माणूस सिनेमात आला कसा? आणि पहिला कुठला बघू?

तर्रीबाज:
'परफ्यूम्ड नाइटमेअर', १९७७. दुसरा विचारच नको. नोकरी सोडली, डिग्री फाडून टाकली, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला शिंपल्यांची सुवेनिअर्स विकायला गेला, ती काही खपली नाहीत आणि पठ्ठ्या जर्मनीतच राहिला. तिथे जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोग भेटला, त्याच्या कास्पर हाउजरवरच्या सिनेमात छोटा रोलही केलाय. 'नाइटमेअर'मध्ये स्वतःच हिरो, गावातला जीपनी (तिकडची जीपवजा मिनीबस) ड्रायव्हर, रॉकेटवाल्या फॉन ब्राउनचा फॅन क्लब चालवतो, मग एक अमेरिकन त्याला पॅरिसला नेतो, कशाला तर चुइंगमची मशीनं सांभाळायला! बर्लिन फेस्टिव्हलला समीक्षकांचं बक्षीस मिळालं, अमेरिकेत 'गॉडफादर'वाल्या कोपोलाच्या कंपनीने आणला.

निवांत_गडी:
मला तरी होम व्हिडिओ वाटला. आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे. युरोपवाल्यांना असलं काही गोड लागतंच.

तर्रीबाज:
अरे मुदत संपलेली फिल्म वापरलीये, शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्डच केलेला नाही, म्हणून तर तो सगळं नंतर स्वतःच्या आवाजात सांगतो. आणि सांगतो काय भारी! पॅरिसचा भाग लांबलाय, ते मान्य.

जुनी_रीळ:
माझं मत 'तुरुम्बा'ला. फिलिपिन्सच्या लगुना भागातलं एक कुटुंब गावच्या सणापुरती कागदाच्या लगद्याची खेळणी बनवत असतं, तर जर्मनीहून ऑर्डर येते, मग अजून मोठी येते, ती पण म्युनिक ऑलिंपिकच्या मॅस्कॉटची, आणि बघता बघता घराचा कारखाना होतो, सणाला कोणाला वेळच उरत नाही. गंमत बघा, म्युनिकला किडलाटचा स्वतःचा माल पडून राहिला आणि पिक्चरमध्ये माल खपतो हीच खरी आफत.

ते झाल्यावर 'बालिकबायान'. दर्यावर्दी मॅगेलनचा गुलाम एन्रिके, पृथ्वीची पहिली प्रदक्षिणा कदाचित त्यानेच पुरी केली, त्याच्यावर आहे. शूटिंग १९७९ ला सुरू, बर्लिनला दाखवला २०१५ मध्ये. एन्रिके किडलाट स्वतःच झालाय, त्यामुळे एकाच पिक्चरमध्ये तरुण पण दिसतो आणि म्हातारा पण, मेकअपचा खर्च शून्य.