संग्रहालयाच्या नूतनीकरणाचा खर्च पावणेदोन पट झाला. सुनावणीत नेमकं काय विचारू?

उंबरठा
मंडळी, मदत हवी आहे. ज्या संग्रहालयात मी दर रविवारी लोकांना दालनं दाखवायचो, ते नूतनीकरणासाठी बंद होऊन चौथं वर्ष लागलं. उघडायचं होतं दोन वर्षांत. पैसा सगळा सरकारी. अंदाजपत्रक दोनदा 'सुधारित' झालं आणि आता आकडा मूळ रकमेच्या पावणेदोन पट आहे. कारण म्हणून कागदावर तीन शब्द: 'प्रत्यक्ष जागेवरील परिस्थितीनुसार'.

पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे, माणशी पाच मिनिटं. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. पैसे खाल्ले असं सरसकट म्हणायला जीभ रेटत नाही आणि गप्पही बसवत नाही. काय विचारू?

सडेतोड
यात विचारायचं काय? कमी दराची निविदा भरायची, काम पदरात पाडून घ्यायचं, मग 'जादा बाबी', म्हणजे निविदेत नसलेली कामं, दाखवून वसूल करायचं. ठेकेदार, सल्लागार, साहेब, सगळे एकाच माळेचे मणी.

ओळंबा
सडेतोड, तुम्ही म्हणता तसं होतं, मी पाहिलंय. पण जुन्या सार्वजनिक इमारतींची अंदाजपत्रकं करण्यात माझी एकतीस वर्षं गेली, आणि त्यात जी वाढ पाहिली तिच्यातली बरीचशी पहिल्या आकड्यातच दडून बसलेली होती. माझीच एक गोष्ट सांगतो.

एका इमारतीच्या (नाव नको) मोठ्या दालनाला लाकडी तुळया होत्या. खालून पाहिलं तर ठणठणीत. मी अंदाजपत्रकात लिहिलं, 'तुळया साफ करून पॉलिश करणे'. दोन वर्षांनी काम सुरू झालं, गिलावा उतरवला. तुळईचं टोक जिथे भिंतीत हातभर शिरतं तिथे मिस्त्रीनं पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा. वरच्या पन्हळीचं पाणी कित्येक वर्षं भिंतीत मुरत होतं. चौदा तुळयांपैकी नऊंची टोकं गेलेली. मग टोकं कापून नवं लाकूड जोडायचं, त्यासाठी खालून टेकू, टेकू आहेत म्हणून खालच्या मजल्याचं काम बंद, आणि काम बंद असलं तरी ठेकेदाराची माणसं, यंत्रं जागेवर आहेत म्हणून त्यांचा खर्च चालूच. पॉलिशची एक ओळ कुठल्या कुठे गेली.

यात कुणी छदाम खाल्ला नव्हता. चूक माझी. चार ठिकाणी गिलावा फोडून बघायला हवं होतं. पण तेव्हा दालन लोकांसाठी खुलं होतं. भोकं पाडायची परवानगी मागायला गेलो तर 'आत्तापासून घाण कशाला?' म्हणून परत पाठवलं. मीही फार ताणलं नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयाच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज 2016 मध्ये 26.1 कोटी युरोंवरून 47.7 कोटींवर गेला. एक कारण असं की पायाखाली जुनी पंपघरं निघाली, ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम 2003 च्या अखेरीस बंद झालं, 2008 ला उघडायचं होतं, उघडलं 13 एप्रिल 2013 ला, खर्च 37.5 कोटी युरो. तिथे माणसंही आडवी आली. इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. वास्तुरचनाकारांनी प्रवेशद्वार नेमकं तिथे काढलं, सायकलवाले पेटून उठले, आराखडा बदलावा लागला. पुढे मुख्य कामाच्या निविदेला एकच ठेकेदार आला, तोही अंदाजाच्या कितीतरी वर. एवढ्या वर्षांत भाव थांबतात थोडेच?

ब्रिटनच्या अर्थखात्यानं यावर सरळ टक्केच ठरवून दिले. नेहमीच्या साच्यातली इमारत असेल तर सुरुवातीच्या अंदाजावर 24 टक्क्यांपर्यंत वाढ आधीच धरा, वेगळ्या धाटणीची असेल तर 51 टक्क्यांपर्यंत. नूतनीकरण दुसऱ्या गटात मोडतं. जोखीम जशी आटोक्यात येईल तसे टक्के उतरवत जायचे. तुमची वाढ 75 टक्के, म्हणजे जास्तच, पण जगावेगळी नाही. अर्धा खर्च वर धरून प्रस्ताव पाठवला तर तो मंजूरच होत नाही, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. म्हणून पहिला आकडा सगळ्यांना गोड वाटेल असा लिहिला जातो. मीही लिहिलेत.

तेव्हा पाच मिनिटं एकूण आकड्यावर घालवू नका, वाढीची फोड मागा. भिंत उघडल्यावर निघालेल्या कामाचे किती, मागाहून सुचलेल्या हौसेचे किती, नुसत्या लांबणीचे किती. हौसेचा खर्च हमखास 'जागेवरील परिस्थिती'च्या चादरीखाली झोपवतात. जागेवरच्या परिस्थितीतून उपाहारगृह उगवत नाही.

सडेतोड, तुम्हाला चोरीच शोधायची असेल तर जादा बाबींचे दर बघा. निविदेतला दर निदान स्पर्धेतून आलेला असतो. जादा बाबीला समोर एकच ठेकेदार, तोही आधीच आत बसलेला. आणि झाकल्या जाणाऱ्या कामाची मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) नोंद झाकण्याआधीच्या तारखेची आहे का, सोबत फोटो आहेत का, ते तपासा. एकदा गिलावा झाला की आतलं लाकूड खरंच बदललं का, ते देवाला आणि मिस्त्रीलाच माहीत.

खापर
मी संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी ठेवते, तेव्हा आमच्या बाजूचं थोडं. इमारतीचं काम वर्षभर लांबलं की वस्तूही वर्षभर जास्त भाड्याच्या कोठारात. तिथे दमटपणा सांभाळणारी यंत्रं चोवीस तास, शिवाय विमा आणि पहारा. परत आणताना एकेका वस्तूची अवस्था पुन्हा तपासून लिहायची. हा खर्च बांधकामाच्या आकड्यात बरेचदा नसतोच, दुसऱ्या शीर्षाखाली जातो. ओळंबादादांच्या 'लांबणी'त तो धरलाय का, हेही विचारा.

उलटंही होतं. एके ठिकाणी उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि चुन्याचा गिलावा मागे राहिला. चुना आपल्या गतीनं वाळतो, पाहुण्यांसाठी थांबत नाही. ओल्या भिंतीला चिकटून काचपेट्या मांडल्या. तीन आठवड्यांनी एका हस्तलिखिताच्या कडेला राखाडी लव दिसली. मी आधी धूळ समजले. ते पान दुरुस्त व्हायला सहा महिने गेले. सुधारित अंदाजपत्रकात त्याची ओळ सापडणार नाही.

सडेतोड
बरं, माळेतले एकदोन मणी वेगळे असतील. दर मात्र बघाच.

उंबरठा
ओळंबाकाका, खापरताई, आभार. काल अहवाल परिशिष्टांसकट पुन्हा काढून बसलो. पान 41, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं: 'इमारत वापरात असल्याने भिंती व छताची अंतर्गत तपासणी केलेली नाही. पाहणी दृश्य स्वरूपाची.' आणि वाढीव कामांच्या यादीत 'जागेवरील परिस्थिती'खाली खरोखरच एक उपाहारगृह आहे. चाळीस आसनांचं. मी हसलो, मग पुन्हा वाचलं.

ओळंबा
चाळीस आसनं म्हणजे स्वयंपाकघर, धुराडं, सांडपाणी, सगळं आलं. सांडपाण्याची वाहिनी कुठल्या भिंतीतून नेली ते विचारा.

तळटीप आम्ही लिहायचो तशीच आहे. खाली सही कुणाची ते इथे टाकू नका, सुनावणीतही तिथून सुरुवात करू नका. आधी तारखा घ्या. इमारत बंद कधी झाली आणि निविदा कधी निघाली? मधले महिने मोजा. तेवढे दिवस दालनं रिकामी होती, आणि गिलावा फोडायला एक मिस्त्री नि एक सकाळ पुरते.