अनुभव धागा : राष्ट्रीय उद्यान, कॅम्परव्हॅन आणि रात्रीचा मुक्काम

कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन फिरणारी मराठी कुटुंबं आता जागोजागी भेटतात. हॉटेलचा खर्च वाचतो, कुकर आपल्या हातानं लावता येतो, मुलं आणि म्हातारी माणसं दमली की तिथल्या तिथे आडवी होतात. अडचण सुरू होते ती संध्याकाळी. राष्ट्रीय उद्यानातल्या एखाद्या तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये गाडी लावावी, तर समोर पाटी असते: रात्री मुक्कामास मनाई. दिवसभर गाडी उभी असलेली चालते, मग रात्री काय बिघडतं, असं मनात येतंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. बंदीला माझा विरोध नाही. मात्र 'इथे नाही' म्हणणाऱ्यानं 'मग कुठे' हेही सांगायला हवं. जिथे दोन्ही सांगितलेलं असतं तिथे लोक सहसा नियम पाळतात. जिथे नुसती पाटी असते तिथे थकलेले ड्रायव्हर रात्री अकरा वाजता अनोळखी घाटात जागा शोधत हिंडतात, आणि हे कुणाच्याच भल्याचं नाही.

तुमच्याकडचा नियम काय, तो कशासाठी आहे आणि तुम्ही रात्र कुठे काढलीत, ते लिहा. दर आणि पत्ते बदलत राहतात, त्यामुळे कारणांवर जास्त लिहिलंत तर बरं.

क्राइस्टचर्चहून

न्यूझीलंडमध्ये फ्रीडम कॅम्पिंगवरून, म्हणजे कॅम्पसाइटबाहेर फुकट मुक्काम करण्यावरून, गावागावांत वाद झाले आहेत. 2011 साली त्यासाठी वेगळा कायदा आला आणि 2023 साली तो आणखी कडक झाला. आता गाडी 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाण्याची आणि टॉयलेटची सोय गाडीतच असलेली, असल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर टॉयलेट गाडीत कायमचं बसवलेलं लागतं. पूर्वी सुटं पोर्टेबल टॉयलेट चालायचं. ते सीटखाली ढकललेलं असायचं, वर बॅगा रचलेल्या, आणि वापर शून्य. नव्या निकषानुसार पलंग उलगडलेला असतानाही टॉयलेट वापरता आलं पाहिजे. मला हा नियम मनापासून पटतो. तळ्याकाठच्या झुडपांमागे पडलेले कागदाचे बोळे ज्यानं पाहिलेत, त्याला हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

पण हे प्रमाणपत्र म्हणजे राष्ट्रीय उद्यानात कुठेही झोपायचा परवाना नव्हे. भाड्यानं गाडी देणारे पुष्कळदा हे नीट सांगत नाहीत. फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानाचंच उदाहरण घ्या. ते-आनाऊ गावाहून मिलफर्ड साउंड या खाडीकडे जाणारा रस्ता सुमारे 120 किलोमीटरचा आहे, आणि त्यावर मुक्काम फक्त ठरलेल्या कॅम्पसाइटवर. मिलफर्डच्या अलीकडची शेवटची सरकारी साइट म्हणजे कॅस्केड क्रीक. त्यानंतर रस्ता होमर बोगद्याकडे चढतो.

नाशिकहून सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही या रस्त्यानं गेलो. बोगद्याजवळ तीन बाजूंनी काळे कडे, त्यांवरून पाण्याच्या धारा. सासरे म्हणाले, "इथेच राहू की. रस्ता रुंद आहे, कुणाला अडचण नाही." मी त्यांना वर बघायला सांगितलं. हिवाळ्यात आणि वसंतात त्या कड्यांवरून हिमलोट कोसळतात, म्हणून त्या पट्ट्यात गाडी थांबवूच नका अशा पाट्या लावतात. झोपणं तर दूरच. दुसरं कारण आमच्या गाडीच्या टपावरच येऊन बसलं. केआ हा डोंगरातला हिरवट पोपट, पंखांखाली नारिंगी. त्यानं वायपरवर एक पाय रोवला, काचेच्या कडेची रबरी पट्टी चोचीत धरली आणि मान तिरकी करून ती सावकाश ओढत राहिला. सासूबाई टाळ्या वाजवून त्याला हाकलत होत्या. तो त्यांच्याकडे बघायचा आणि पुन्हा ओढायचा. रात्रभर तिथे गाडी उभी राहिली तर लोक त्याला खायला घालणार, तो माणसांना सोकावणार आणि पुढे गाडीखाली सापडणार. केआची संख्या आधीच फार कमी उरली आहे.

आम्ही कॅस्केड क्रीकला परत आलो. तिथे वीज नाही, शॉवर नाही. खड्ड्याचं टॉयलेट, ओढ्याचं पाणी आणि सपाट गवत. पाणी उकळून घ्यायचं. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या मात्र भयंकर. त्या अंधार पडला की कमी होतात, म्हणून स्वयंपाक उशिरा करा आणि दार बंद ठेवा. माओरी कथेत म्हणतात की हिने-नुई-ते-पो या देवीनं मिलफर्डचं सौंदर्य पाहून, माणसं इथेच मुक्काम ठोकतील या भीतीनं हे किडे सोडले.

ग्लासगोहून

स्कॉटलंडमध्ये येणाऱ्यांचा एक घोळ नेहमी होतो. इथल्या 2003 च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालत जाऊन तंबू ठोकायचा हक्क दिला आहे. लोकांना वाटतं, तोच हक्क व्हॅनलाही आहे. मोटारगाड्या त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. दुसरा घोळ 15 यार्डांचा. रस्त्यापासून तेवढ्या अंतरापर्यंत गाडी उतरवून उभी केली तर रस्तेवाहतूक कायद्याखाली गुन्हा होत नाही, इतकंच. त्यातून तिथे झोपायची किंवा मालकाच्या जमिनीवर थांबायची परवानगी मिळत नाही.

लॉख लोमंड या तळ्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात 2017 पासून 1 मार्च ते 30 सप्टेंबर या काळात काही काठांवर परमिटशिवाय मुक्काम करता येत नाही. दंड 500 पाउंडांपर्यंत. हा भाग उद्यानाच्या जेमतेम 4 टक्के आहे. पण नेमका तोच, जिथे ग्लासगोहून तासाभरात पोचता येतं. ऊन पडलेल्या शनिवार-रविवारनंतर मी तो काठ पाहिलेला आहे. शेकोटीसाठी ओल्या झाडांच्या फांद्या तोडलेल्या, फाटके तंबू तसेच टाकलेले, वाळूत काचा. त्यामुळे नियम का आला हे मला कळतं. माझी खंत एवढीच, की ज्यांच्यामुळे तो आला त्यांत गाडीत शांतपणे झोपणारी माणसं फारशी नव्हती, आणि परमिटच्या जागा मात्र मोजक्याच. उन्हाळ्याच्या शनिवारी परमिट हवं असेल तर आधीच काढून ठेवा.

एकपदरी रस्त्यावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जे फुगवटे असतात, त्यांत चुकूनही रात्री गाडी लावू नका. पहाटे दुधाचा टँकर आला, अँब्युलन्स आली, तर जायचं कुठून?

एक्सेटरहून

वरच्याला जोडून इंग्लंडमधल्या डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाचं. मे 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या सामायिक माळावर तंबूत रात्र काढण्याचा हक्क कायम ठेवला. त्यानंतर मित्रांचे मेसेज आले, "आता व्हॅन आणतो." तो निकाल पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांचा आहे. माळावरच्या गाडीत झोपायला पूर्वीही मनाई होती, आजही आहे. आसपासच्या शेतांवर छोटे कॅम्पसाइट आहेत, शेतकऱ्याला आधी फोन करा.

बे एरियाहून

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कच्या नियमावलीत पळवाट ठेवलेलीच नाही. तंबू उभारणं हे कॅम्पिंग, अंथरूण तयार करणंही कॅम्पिंग, आणि रात्र काढण्याच्या उघड हेतूनं गाडी उभी करणंही कॅम्पिंग. त्यामुळे "आम्ही नुसते झोपलोय" ही सबब चालत नाही. रात्री काचेवर टॉर्च आपटते आणि उठून जावं लागतं. ज्यांच्यावर ही वेळ आली अशी बरीच घरं आमच्या ओळखीत आहेत.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात याला अस्वलांचं कारण जोडलेलं आहे. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, पार्किंगमध्ये तर नाहीच. अस्वल दाराच्या वरच्या फटीत पंजे घालून पत्रा खाली वाकवतं. कूलर नुसता दिसला तरी ते ओळखतं. म्हणून कॅम्पसाइटवर लोखंडी लॉकर असतात, आणि त्यात चिवड्याच्या डब्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं जातं. आईला आधी हे अतीच वाटलं. तिनं देवपूजेची उदबत्तीसुद्धा आत ठेवायची का म्हणून विचारलं. ठेवली. वास येणारं काहीच बाहेर नको.

बुकिंगची गोष्ट कळीची. योसेमिटी व्हॅलीतल्या कॅम्पसाइटच्या जागा पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. ज्याच्याकडे सकाळी 7 ला मीटिंग नाही, इंटरनेट चांगलं आहे आणि पाच महिने आधी सुट्टी ठरवता येते, त्यालाच जागा. दुकानात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसानं काय करायचं? माझा राग आहे तो यावर, झोपण्याच्या बंदीवर नाही. जागा न मिळालेल्यांनी नॅशनल फॉरेस्टचा नकाशा बघावा. ही सरकारी जंगलं पार्कपेक्षा वेगळ्या खात्याकडे असतात आणि त्यांच्या बऱ्याच भागांत रस्त्याकडेला, साधारण 14 दिवसांच्या मर्यादेत, राहता येतं. कॅलिफोर्नियात तिथे गॅसची शेगडी पेटवायलाही परमिट लागतं. ते फुकट मिळतं, जरूर काढा. आगीचा हंगाम असेल तर आधी रेंजर स्टेशनला विचारा.

कॅल्गरीहून

कॅनडातल्या बॅन्फ उद्यानातही तेच, ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर झोपता येत नाही. तिथल्या लेक लुईसला अस्वलांमुळे तंबूवाल्यांचं कॅम्पग्राउंड विजेच्या कुंपणाच्या आत आहे आणि कडक भिंतींच्या गाड्यांचं वेगळं. साइट सोडून फिरायला गेलात तर बाहेर रिकामी कढईसुद्धा ठेवायची नाही.

म्युनिकहून

जर्मनीत एक गोष्ट समजूतदारपणाची आहे. ड्रायव्हर थकला असेल तर पुन्हा गाडी चालवण्याइतकी झोप मिळेपर्यंत साध्या सार्वजनिक पार्किंगमध्ये गाडीतच झोपता येतं, वेगळी बंदी नसेल तर. लोक साधारण एक रात्र धरून चालतात. पण बाहेर खुर्ची मांडली, छत उघडलं, टेबलावर चहा ठेवला, की झोपणं संपलं आणि कॅम्पिंग सुरू झालं. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित निसर्गक्षेत्रं मात्र या सवलतीत बसत नाहीत. बेर्शटेसगाडेनच्या डोंगरात जायचं तर आम्ही व्हॅन खालच्या गावातल्या मोटरहोम स्टँडवर लावतो आणि सकाळी बसनं वर जातो. शेजारी ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये आणि पुढे क्रोएशियात नियम याहून कडक आहेत. क्रोएशियातल्या प्लिटविट्स उद्यानाला जाणाऱ्यांनी आधी कॅम्पसाइट ठरवूनच निघा.

थकलेल्या ड्रायव्हरची झोप ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, हे कायद्यानं मान्य करावं, असं मला वाटतं. इतर देशांनी निदान हद्दीबाहेरच्या पार्किंगमध्ये तरी एवढं करावं.

पुण्याहून

आमची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आतून बदलून घेतलेली. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पात खाजगी गाडी रात्री आत ठेवायचा प्रश्नच नसतो, सूर्यास्ताला गेट बंद. पण बंदीपूरचा अनुभव या धाग्यात बसतो. म्हैसूरहून वायनाडला जाणारा महामार्ग जंगलातून जातो, आणि 2009 पासून तिथे रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. ठरावीक बस आणि अँब्युलन्स सोडल्या तर कुणीच नाही. कारण साधं आहे, रात्री भरधाव गाड्यांखाली हरणं, बिबटे, हत्ती मरत होते. 2010 साली उच्च न्यायालयानंही ही बंदी योग्य ठरवली. दिवसासुद्धा आत गाडी थांबवायची नाही.

आम्ही गुंडलुपेटला संध्याकाळी पोचलो आणि तिथेच थांबायचं ठरवलं. भाजीचे ट्रक एकामागे एक लागलेले होते. आमच्या बाजूच्या ट्रकचा क्लीनर टायरला पाठ लावून स्टोव्हवर भात शिजवत होता, वर ताडपत्रीखाली टोमॅटोच्या क्रेट. तो म्हणाला, इथे रोज असंच. पेट्रोल पंपाच्या मालकाला विचारलं, त्यानं कोपऱ्यात जागा दिली आणि संडासाची किल्लीही दिली. सकाळी सहाला गेट उघडलं. पहिल्याच वळणावर रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप, एकही दचकला नाही. ही बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी एकदा ती वेळ बघावी.

धागा काढणाऱ्या ताईंच्या 'मग कुठे' याबद्दल. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा नवेगाव गेटबाहेर, जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्याच्याही पलीकडे, पाणी, संडास आणि सांडपाण्याची टाकी असलेली दहा-बारा गाड्यांची जागा झाली तर गावातल्याच लोकांना ती चालवता येईल. गाड्या वाढण्याआधी हे व्हावं. नंतर पाट्या लागतील आणि भांडणं होतील.

ग्लासगोहून, पुणेकरांना

दादा, एक विचारते. कॅम्पसाइट नसताना भांडी घासलेलं पाणी कुठे सोडता? इथे तळ्याकाठी लोक सरळ गवतावर नळी सोडतात, साबणाचा फेस पाण्यात जातो. उद्यानांना गाड्या नकोशा होतात त्या यामुळेही.

पुण्याहून

ताई, सिंकखाली कॅन लावलाय, त्याला वरून गाळणी. खरकटं गाळणीत राहतं, ते पिशवीत बांधून कचऱ्यात जातं. कॅन भरला की ढाब्यावर जेवण घेतो आणि मालकाला विचारून त्यांच्या मोरीत ओततो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. जंगलाच्या रस्त्याला लागण्याआधी कॅन रिकामा करून घ्यायचा, कारण गेटच्या आत उतरता येत नाही. मुलांना आणि सोबत आलेल्या मित्रांनाही तेच सांगून ठेवलंय.