मदत हवी आहे : अलिबागमधल्या बेने इस्रायली बाईंचा सत्कार
नमस्कार मंडळी. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून कुलाबा जिल्ह्यात (आताच्या रायगडात) बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हणत. आता अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांची मोजकीच घरं उरलीत. त्यातल्याच आमच्या बाईंनी निवृत्तीनंतरही कित्येक वर्षं गरजू मुलांना फुकट शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांचा सत्कार करायचाय, आणि त्यांना कुठेही अवघडल्यासारखं व्हायला नको.

शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस) म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळलाय. पण शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन चालेल का? मलिद्याचं (गोड पोहे आणि फळांचं) ताट अशा कार्यक्रमात ठेवतात, की ते एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नवसापुरतंच? मानपत्रात बेने इस्रायली समाजातल्याच स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (पद्मश्री, १९६६) यांचा उल्लेख शोभेल ना? समाजातल्या जाणकारांनी कृपया सांगा.