काळ चौथी मिती असेल तर मागे काहून जाता येत नाही?

तर्रीपोहे: रविवारी पोरीले रमन सायन्स सेंटरला नेलं होतं. येताना ऑटोत मी ज्ञान पाजळलं, का बा नुसतं 'व्हेरायटी चौकात भेटू' म्हणून भागत नाही, साडेसहा पण सांगावं लागते, म्हणून काळ ही चौथी मिती. तर म्हणे बाबा हे तर आधीपासूनच होतं, आइन्स्टाईननं नवीन काय केलं? अन् चौथी मिती आहे तर मागे काहून जाता येत नाही? मी गप. सांगा राजेहो.

शून्यमैल: पोरगी बरोबर बोलून राहिली भाऊ. ठिकाण अन् वेळ तर रेल्वेच्या टाईमटेबलातही असते. नवीन हे, का दोन्ही एकमेकांत मिसळतात. झिरो माईलचा दगड अन् सीताबर्डीचा किल्ला घे. नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघा थोड्या तिरप्या मारल्या तर 'आडवं किती, उभं किती' दोन्ही बदलते, दगड ते किल्ला सरळ अंतर तेवढंच. तसंच वेगवेगळ्या वेगानं जाणाऱ्यांसाठी दोन घटनांमधलं अंतर अन् वेळ यांची वाटणी बदलते, दोन्ही मिळून निघणारा एक आकडा मात्र सगळ्यांचा सेम. हे मिन्कोव्स्कीनं 1908 मध्ये मांडलं, झुरिचला आइन्स्टाईनचा गणिताचा मास्तर होता तो.
मागे न जाण्याचं कारण, तो आकडा काढताना पायथागोरससारखी बेरीज नाही, वजाबाकी आहे. वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, त्याचा वर्ग, त्यातून अंतराचा वर्ग वजा. नकाशा फिरवून उत्तरेची दक्षिण होते, पण या वजामुळे वेग कितीही वाढव, उद्याचं काल होत नाही.

गच्चीवरचा: म्युऑनबद्दल वाचा, इलेक्ट्रॉनसारखे पण जड असे बारके कण. वातावरणात साधारण 15 किमी उंचीवर तयार होतात, सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी 660 मीटरमध्ये बहुतेकांचा खेळ खल्लास व्हायला पाहिजे. तरी खाली ढिगानं पोचतात. आपण म्हणतो त्यांचं घड्याळ हळू चालते, त्यांच्याकडून पाहिलं तर अख्खं वातावरणच आखडलेलं. हीच ती वाटणी.

तर्रीपोहे: वाचून दाखवलं. आता म्हणे वजाच काहून?

शून्यमैल: बाप्पा! प्रकाशाचा वेग कोणीही मोजला तरी सारखाच येते ना. प्रकाश जेवढं अंतर कापते तेवढंच वेळ गुणिले वेग, वजा केलं का शून्य, अन् सगळ्यांसाठी शून्यच. अधिक घेतलं असतं तर हे जमलंच नसतं.